शाळेतील ॲक्वापोनिक्स : जून-जुलैचा सल्ला

ॲक्वापोनिक्स म्हणजे टाकीत मासे, शेजारी खडीच्या वाफ्यात झाडे आणि दोन्हींत तेच पाणी फिरवणारा पंप. शाळा उघडताच असा संच बसवत असाल, तर मासे जुलैअखेरपर्यंत आणू नका. उद्घाटनाच्या फोटोसाठी पहिल्याच दिवशी मासे सोडायचा मोह होतो, आणि आठवड्याभरात ते उलटे तरंगू लागतात. बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) खराब नसतात, पाणी तयार नसते.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. वाफ्यातल्या खडीवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशांना विषारी, तिसरे झाडांचे खत. हे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून कुजू द्या, पंप चालू ठेवा आणि मुलांकडून एक दिवसाआड टेस्ट किटने मोजणी करून घ्या. अमोनिया चढून उतरतो, मागोमाग नायट्राइट चढून उतरते. हा आलेख मुलांनी स्वतः काढला की फळ्यावर नायट्रोजन चक्र वेगळे शिकवायची फारशी गरज उरत नाही. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले की मासे सोडा.

५०० लिटर टाकीला सायप्रिनसची (कॉमन कार्प माशाची) २० बोटुकली पुरेत. तिलापिया माशाला शासनाची परवानगी लागते, त्या भानगडीत शाळेने पडू नये. वाफा ३० सेंमी खोल, त्यात धुतलेली काळ्या दगडाची खडी. खडीवर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले तर ती चुनखडीची, परत पाठवा. नळाचे पाणी दोन दिवस उघडे ठेवून मगच वापरा, क्लोरीन उडून जाते. पहिल्या वर्षी पालक, पुदिना, अळू एवढेच लावा.

पावसाळ्यात टाकीवर छप्पर हवेच. पावसाच्या पाण्याने सामू (पाण्याचा पीएच) घसरतो, आणि तो ६ च्या खाली गेला की जिवाणू मंदावतात. तो सावरायला शिंपल्यांचा चुरा कापडी पिशवीत बांधून टाकीत सोडा. ढगाळ दिवशी खाद्य कमी द्या. एरवीही पाच-दहा मिनिटांत संपेल एवढेच. वीज जाणारच, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा. ओल्या हातांची मुले वावरतात, तेव्हा ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय पंप जोडू नका.

झाडांवर मावा ही कीड पडली तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. कीटकनाशक नको, निंबोळी अर्कही नको.

गणपतीच्या सुट्टीचे आत्ताच ठरवा. मासे दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतात, पण बंद पडलेला पंप बघायला रोज कुणीतरी शाळेत आलेच पाहिजे.