एका खोलीतली सोयरीक

माझं घर म्हणजे १२ बाय १८ फुटांची एक खोली. तिच्याच एका भिंतीला ओटा, कोपऱ्यात न्हाणीघर, पश्चिमेला मोठी खिडकी. लातुरात आडतीवर हिशेब लिहिते, तिसऱ्या मजल्यावरचं हे घर कर्ज काढून घेतलं. सोबत गावाकडच्या चार वस्तू आल्या: आजीची सागवानी पेटी, आईने शिवलेली वाकळ, एक पितळी घंगाळ आणि जुन्या घराच्या चौकटीवरची गणेशपट्टी.

पहिल्या वर्षी मी आवडेल ते आणत गेले. राजस्थानी आरसा, दोऱ्यांचं विणलेलं तोरण, काचेचा टीपॉय, चकचकीत पांढरं कपाट. एकेक वस्तू देखणी होती, पण खोलीत बसवत नव्हतं. सजावटीची एक पद्धत सोडून दुसरी धरावी, असं मला तेव्हाही वाटलं नाही. मला जुनं हवं होतं आणि नवंही. अडचण एवढीच होती की त्या वस्तूंचं एकमेकींशी काही नातं नव्हतं.

आपल्याकडे सोयरीक जुळवताना आधी नातं काढतात. मामाच्या गावचे, आत्याच्या दिराकडचे, असं करत कुठेतरी धागा सापडतोच. घरात नवी वस्तू आणताना मी आता तेच करते. आधी असलेल्या किमान दोन वस्तूंशी तिचं नातं निघालं पाहिजे. ते रंगाचं असेल, लाकडाचं किंवा धातूचं असेल, उंचीचं असेल, नाहीतर विणीचं. एकाच वस्तूशी नातं असेल तर ती दोघंच कोपऱ्यात गप्पा मारत बसतात आणि बाकीची खोली वेगळी पडते.

सुरुवात करायची ती टाकून देणार नाही अशा वस्तूंपासून. माझी पहिली वस्तू वाकळ. भर दुपारी ती फरशीवर पसरून मी तासभर तिच्याजवळ बसले. आईचं जांभळं लुगडं, वडिलांची धुऊन धुऊन पिवळसर झालेली धोतरं, एका कोपऱ्यात माझ्या शाळेच्या झग्याचा निळा तुकडा. या सगळ्यावरून बोटाच्या पेराएवढ्या अंतराने धावदोऱ्याच्या ओळी, कडेपासून आत आत चौकोनात वळत गेलेल्या. रंग मोजले तर सात भरले. त्यातले तीन मी खोलीसाठी घेतले: धोतराचा पिवळसर पांढरा भिंतींना, जांभळा थोडासाच उशांना, आणि लुगड्याच्या काठातला मातकट तांबडा पडद्यांना. रंगाच्या दुकानात जाताना वाकळच घेऊन गेले. मोबाईलवरच्या फोटोत रंग बदलतो, त्यावर विसंबू नका.

भिंतींबद्दल जरा थांबून सांगते. हल्ली सगळ्यांना स्वीडन-डेन्मार्ककडची पांढरी खोली हवी असते. तिकडे हिवाळ्यात दिवस अगदी लहान, ऊन तिरपं आणि फिकं. असेल तेवढा उजेड खोलीत फिरावा म्हणून ते भिंती पांढऱ्या ठेवतात आणि लाकूड फिक्या रंगाचं वापरतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत चार वाजताचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून आत आलं की पांढऱ्या चकचकीत भिंतीकडे बघवत नाही. म्हणून त्यांच्याकडून मोकळेपणा घ्यावा, पांढरा रंग घेऊ नये. चुन्याच्या भिंतीसारखा पिवळट झाक असलेला आणि चकाकी नसलेला रंग लावला की डोळे निवतात. खिडकीला बाहेरून बांबूचा चिकाचा पडदा आणि आतून जाड सुती कापड लावा. ऊन काचेच्या बाहेरच अडलं तर खोली कमी तापते. आतला पडदा कितीही जाड असला तरी तोवर काच तापलेलीच असते.

दुसरं नातं उंचीचं. जपानी घरात बसणं जमिनीलगत, मेज बुटकं, भिंती वरपर्यंत रिकाम्या. आपली गादी-तक्क्यांची बैठकही तशीच. दोन्ही पद्धती एका उंचीवर भेटतात, म्हणून त्या शेजारी शेजारी नांदतात. मी काचेचा टीपॉय देऊन टाकला आणि सहा बाय तीनचा बुटका दिवाण करून घेतला, खाली कप्पे असलेला. दिवसा त्यावर दोन तक्के आणि रात्री अंथरूण. आजीची पेटी दिवाणाच्या बरोबरीची, म्हणून तीच आता मेज आहे. खोलीतलं बहुतेक सामान गुडघ्याच्या उंचीत राहिलं की छत उंच वाटतं. दारापासून खिडकीपर्यंत अडीच फुटांची वाट मात्र काहीही झालं तरी मोकळी ठेवा.

गणेशपट्टी हा माझ्यासाठी सगळ्यात नाजूक भाग होता. साडेतीन फुटांची, मधे गणपती, दोन्हीकडे वेल आणि पोपट. डाव्या पोपटाची चोच तुटलेली, आणि मागच्या खाचेत अजून पांढरी माती आहे, ती मी काढलेली नाही. आमचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमचं माळवदाचं घर बसलं. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर दीड-दोन फूट मातीचं छत. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच ओझं त्या पहाटे माणसांवर आलं. ढिगाऱ्यातून जी लाकडं निघाली त्यात ही पट्टी होती.

मिस्त्री म्हणाले, "ताई, ही दिवाणाच्या डोक्याशी लावू. लई शोभंल."

मी म्हटलं, "मिस्त्री, झोपायच्या जागेवर लाकूड नको."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. थोड्या वेळाने विचारलं, "कुठलं गाव तुमचं?" मी सांगितलं. मग त्यांनी स्वतःच समोरची भिंत निवडली, पेटीच्या वरची, जिथे कुणी झोपत नाही. खालून दोन लोखंडी अँगल आणि भिंतीत चार फास्टनर घेतले. पोकळ विटेच्या किंवा पातळ भिंतीत असं वजन टांगू नका. कपाट उंच असेल तर तेही वरून भिंतीला पट्टीने बांधून घ्या. ही सजावटीतली पहिली गोष्ट आहे, असं मी मानते. जुन्या लाकडाला पॉलिशही नको. ब्रशने धूळ काढून जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे. तेल लावलेली चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा आणि मग टाका.

आता पाण्याचा ड्रम. लातुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते आम्ही पाहिलं आहे, आणि ड्रमशिवाय घर ही कल्पना अजूनही करवत नाही. सजावटीच्या फोटोंमध्ये ड्रम कधीच दिसत नाही. माझ्या खोलीत २०० लिटरचा निळा ड्रम आहे आणि तो लपवायचा प्रयत्न मी सोडला. भरला की त्याचं वजन २०० किलोच्या वर जातं, म्हणून चाकाच्या स्टँडवर ठेवणं धोक्याचं. तो ओट्याला लागून भिंतीशी उभा केला. उंची ओट्याहून दोन-तीन बोटं जास्त. त्यावर २६ इंचांची गोल प्लायवूडची फळी, मधून बिजागरी लावलेली, अर्धी उचलली की पाणी काढता येतं. बाहेरून पडद्याच्याच तांबड्या कापडाचा नाडीचा घेर. कापडाने पडद्याशी नातं जुळलं आणि फळीच्या कडेला लावलेल्या सागवानी पट्टीने पेटीशी. पोळ्या लाटायला मला ओट्याची जागा वाढून मिळाली. कापड फरशीपासून चार बोटं वर ठेवा, नाहीतर पोछ्याच्या पाण्याने कुजतं.

तिसरा ढंग दख्खनी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण मराठवाडेकर निजामाच्या राज्यात होतो आणि बीदर जिल्हा लातूर जिल्ह्याला लागून. म्हणून बिदरीची सुरई किंवा हिमरूची, म्हणजे रेशीम-सुती विणीची, शाल आपल्या घरात परकी दिसत नाही. बिदरीचं काम जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर होतं. त्यात चांदीची तार ठोकतात आणि बीदरच्या किल्ल्यातली माती वापरून धातू काळा करतात, चांदी तशीच लखलखते. माझी सुरई वीतभरच आहे. तिचा काळा रंग खिडकीच्या गजांशी आणि दिव्याच्या काळ्या दांडीशी जुळतो, चांदी स्टीलच्या डब्यांशी. हिमरूची एकच शाल, घडी घालून पेटीवर. ती कापून उशीचे अभ्रे शिवू नका, रेशीम घामाने आणि तेलाने लवकर जातं. असा ढंग थोडाच ठेवावा. दोन वस्तूंनी खोली भारदस्त होते, सहांनी दुकान होतं.

उजेडाकडे लोक शेवटी वळतात, मी म्हणेन आधी वळा. माझ्याकडे ओट्यावर पांढरा, दिवाणापाशी पिवळा आणि मधे आणखी तिसऱ्याच रंगाचा दिवा होता. पांढऱ्याशुभ्र ६५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) उजेडात पितळ हिरवट आणि सागवान राखी दिसायचं. सगळे बल्ब २७०० ते ३००० केल्विनचे घेतले आणि एका संध्याकाळीत वेगवेगळ्या घरांतून आलेल्या वस्तू एका घरच्या वाटू लागल्या. खोक्यावर आकडा छापलेला असतो, वाचून घ्या. छताला एकच मोठा दिवा लावण्यापेक्षा बसल्या उंचीवर दोन लहान दिवे बरे.

मांडून झालं की दारात उभं राहून मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढा. रंग गेले की गडद वस्तूंचा ढीग कुठे पडलाय ते लगेच कळतं. माझ्या फोटोत पेटी, सुरई आणि गणेशपट्टी एकाच बाजूला जमली होती. सुरई खिडकीकडे नेली आणि तोल आला. घंगाळ त्या रिकाम्या बाजूला गेलं. त्यात आता मी धुतलेली पांघरुणं ठेवते.

घंगाळाला महिन्यातून एकदा चिंच-मीठ. सुरईला मात्र चिंचेचा हात लावू नका, काळा रंग उतरतो. तिला मऊ कापडाने खोबरेल तेल चोळायचं, रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी नळाला पाणी यायच्या आधी पुसून घ्यायचं.