पिकअपचं इंजिन उतरवायचं की गाडीच बदलायची?

इंदूरच्या चोइथराम मंडीत पहाटे माल टाकणारी जुनी पिकअप काळा धूर सोडू लागली, की मेकॅनिकचं एकच, ‘इंजिन उतरवावं लागेल.’ हो म्हणण्याआधी गाडीखाली वाकून चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) बघा. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) ब्रॅकेट जिथे बसवलेत, तिथे हातोडीने ठोका. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला, गंजाच्या खपल्या पडल्या किंवा चिरेवर जुनं वेल्डिंग दिसलं, तर इंजिनवर खर्च करू नका. इंजिन नव्यासारखं करता येतं, सडलेली चेसिस नाही.

चेसिस धड असेल, तर गरम इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा. (जपून, तेल उडतं.) भकाभका धूर आला तर रिंगा-लायनर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरचं अस्तर) झिजलेत, इंजिन उतरवावंच लागेल. तिथे शांतता असेल, तर आधी एअर फिल्टर, नोझल (डिझेल फवारणारं), टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणारा) पाइप तपासा. कितीदा तेवढ्यावरच भागतं.

मग हिशेब. वर्षाची दुरुस्ती आणि गाडी उभी राहिल्याने बुडालेलं भाडं (हे सगळेच विसरतात!) यांची बेरीज 12 ने भागा, नव्या गाडीच्या हप्त्याशी ताडून पाहा. गाडी 8 वर्षांपुढची असेल तर फिटनेस (गाडी चालवण्यालायक असल्याची आरटीओ तपासणी) दरवर्षी. तोही खर्च धरा.

भंगारात द्यायची ठरलीच, तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि डिपॉझिट सर्टिफिकेट (गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला) मागून घ्या. ते दाखवून नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सवलत मिळू शकते.