डॉक्टरांच्या चिठ्ठीतील संक्षेप वाचताना या चुका टाळा

नागपूरच्या धंतोली आणि रामदासपेठेतील दवाखान्यांत गडचिरोली-गोंदियापासून ते मध्य प्रदेशातील छिंदवाडा-शिवनीपर्यंतचे रुग्ण येतात. औषधे घेऊन ते संध्याकाळच्या बसने परततात आणि चिठ्ठीतील अक्षरांचा अर्थ लावण्याचे काम घरी, डॉक्टर व औषधविक्रेता दोघेही समोर नसताना, सुरू होते. मुळीच न कळलेले अक्षर माणूस निदान कोणाला तरी विचारतो; अर्धवट कळलेले अक्षर मात्र तो तसेच पुढे रेटतो.

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. (नोकरदारांना टीडीएस म्हटले की आधी पगारातील कपात आठवते, ही गोष्ट वेगळी.) परंतु नेत्रतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर हेच ओडी उजव्या डोळ्यासाठी, ओएस डाव्या डोळ्यासाठी आणि ओयू दोन्ही डोळ्यांसाठी लिहिले जाते. त्यामुळे उजव्या डोळ्यात चार वेळा घालायचे थेंब एखादा रुग्ण दिवसातून एकदाच घालत राहू शकतो. शिवाय ओडी म्हणजे सकाळीच असे नाही. वेळ लिहिलेली नसेल तर ती विचारून घ्यावी. एचएस म्हणजे झोपण्यापूर्वी. रात्री आठला जेवून अकराला झोपणाऱ्याने ती गोळी जेवणाबरोबर घेणे बरोबर नाही.

एसओएस हे अक्षर पाहून घरचे घाबरतात, कारण ते संकटाची हाक म्हणून परिचित आहे. चिठ्ठीत त्याचा अर्थ ‘गरज पडल्यास’ एवढाच असतो. उलट, ताप नसतानाही अशी गोळी रोज तीन वेळा घेणारेही असतात. खरी अडचण अशी की, दोन गोळ्यांत किती तासांचे अंतर ठेवायचे आणि दिवसात जास्तीत जास्त किती घ्यायच्या, हे या तीन अक्षरांत कोठेच येत नाही.

एसी म्हणजे जेवणापूर्वी आणि पीसी म्हणजे जेवणानंतर. घाईच्या अक्षरात ही दोन्ही जवळपास सारखी दिसतात. थायरॉइडसाठीचे थायरॉक्सिन उपाशीपोटी, चहाच्याही आधी घ्यावे लागते; मधुमेहावरील मेटफॉर्मिन सहसा जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर देतात. मधुमेहाचीच ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण टाळले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

सर्वांत जास्त जपायचे ते इन्सुलिनच्या बाबतीत. युनिटसाठी नुसते इंग्रजी ‘यू’ लिहिले की ते शून्यासारखे दिसते आणि चार युनिटचे चाळीस वाचले जातात. म्हणून तो शब्द पूर्ण लिहावा, असा आग्रह रुग्णसुरक्षेसंबंधी काम करणाऱ्या संस्था धरतात. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या आणि १०० युनिट असलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या बाटल्या मिळतात, आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात: सामान्यतः ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी. १०० च्या बाटलीतील इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरले, तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच असल्याशिवाय सुई टोचू नये.

आकड्यांत आणखीही खाचखळगे आहेत. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, म्हणून ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिनला ५० मिलिग्रॅम समजणे ही लहान चूक नव्हे. दशांशचिन्ह पुसट असेल तर १.० चे १० होतात. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच देतात. ते रोज घेतल्याने जीव गेल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. या औषधाचा वार चिठ्ठीवर मराठीत लिहूनच घ्यावा. २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने औषधांची जेनेरिक (कंपनीने दिलेली नव्हे, तर मूळ औषधाची) नावे सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असा नियम केला. तरीही मात्रेपुढची अक्षरे डॉक्टर घाईतच लिहितात, म्हणून पाकिटावर ‘सकाळी एक, रात्री एक’ असे लिहून देण्याची विनंती दुकानातच करावी.

नावामागची शेपटीही औषधाचाच भाग असते. एसआर, एक्सआर किंवा सीआर असलेली गोळी हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. ती कुटून दिली तर दिवसभराची मात्रा एकदम उतरू शकते. रक्तदाबाच्या गोळीपुढील एएम किंवा एच म्हणजे तिच्यात अनुक्रमे अम्लोडिपिन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड हे जादा औषध आहे. शेपटीशिवायचे पाकीट ‘तेच आहे’ म्हणून पुढे आले, तर ते घेऊ नये.

तपासणीच्या कागदावर ‘आर/ओ टीबी’ दिसल्यामुळे कित्येक घरांत रडारड होते. त्याचा अर्थ टीबी नाही ना, हे तपासून पाहा, असा आहे. निदान झालेले नसते. आधीच निदान झालेल्या आजारासाठी ‘के/सी/ओ’ लिहितात, आणि तपासणीत काही वावगे आढळले नाही तर ‘एनएडी’.