फड्या निवडुंग लावायचा तर पाऊस ओसरल्यावर, बरड जमिनीत

नागपूर भागात फळासाठी किंवा चाऱ्यासाठी फड्या निवडुंग लावायला सर्वांत चांगला काळ म्हणजे परतीचा पाऊस थांबल्यानंतरचे तीन-चार आठवडे, साधारण ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि नोव्हेंबरचे पहिले दिवस. जमिनीत ओल असते, माती अजून उबदार असते आणि थंडी पडण्याआधी मुळे फुटतात. जूनमध्ये बाकीच्या लागवडीबरोबर हीही उरकून घेऊ, असे करू नका. हे झाड उन्हाने सहसा मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरते. त्याची रंध्रे (सालीवरची बारीक छिद्रे) दिवसा मिटलेली आणि रात्री उघडी असतात, म्हणून मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी मूळ धरलेले झाड तग धरते. पण आपल्याकडचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि काळ्या चिकण वावरात तो लवकर निचरत नाही. या झाडाची बरीचशी मुळे वरच्या फूटभर मातीतच पसरतात. ती गुदमरली की बुडखा सडलाच म्हणून समजा.

त्यामुळे जागा निवडताना घाई नको. मुरमाड, बरड, थोड्या उताराचे वावर उत्तम. काटोल, कळमेश्वर, हिंगणा भागात अशा पट्ट्या पडीक असतात, त्या यासाठी चांगल्या. शंका असेल तर दीड फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी उभे दिसले तर ती जागा सोडा. काळ्याच जमिनीत लावायचे असेल तर फूटभर उंच, तीन फूट रुंद वरंबा काढा आणि वरंब्यांमधले पाणी शेताबाहेर जाईल अशी चर ठेवा. सपाट काळ्या रानात चर न काढता लावलेला फड्या पहिल्या झडीतच जायचा.

बेणे बिनकाट्याच्या जातीचेच घ्या. धुऱ्यावरचा रानटी काटेरी फड्या शेतात आणू नका. त्याचा तुटून पडलेला प्रत्येक फडा (पानासारखा दिसणारा चपटा, जाड तुकडा) नवे झाड होतो आणि पुढे आवरता आवरत नाही. ओळखण्यात आणखी एक गल्लत जिवावर बेतू शकते. त्रिधारी निवडुंग, शेर ही झाडे फड्याच्या कुळातली नाहीत. त्यांना टोचले तर पांढरा चीक येतो, तो विषारी असतो आणि डोळ्यात गेला तर फार वाईट. फड्यातून चीक निघत नाही, नुसता पाणचट चिकट रस निघतो. केंद्राच्या पाणलोट विकास कार्यक्रमात बिनकाट्याच्या निवडुंगाला स्थान मिळालेले आहे, तेव्हा बेण्यासाठी तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा.

फडा सहा महिने ते वर्षभर वयाचा, हिरवा, टणक, अर्धा ते एक किलो वजनाचा असावा. कोवळा फडा सुरकुततो. धारदार सुरीने अगदी सांध्यावर कापा, मधोमध कापलात तर जखम मोठी होते. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. संत्र्याच्या बुंध्याला लावता तीच. मग फडे सावलीत, हवेशीर जागी दोन ते तीन आठवडे उभे टेकवून ठेवा. ढीग घातला तर आतले फडे घामेजून कुजतात. जखमेवर कोरडी, कडक खपली आल्याशिवाय एकही फडा मातीत घालू नका. लागवड फसते ती बहुतेक याच पायरीवर, कारण ओली जखम मातीतल्या कुजवणाऱ्या जिवाणूंना उघडे दार देते.

फळासाठी ४ × ३ मीटर अंतर ठेवा, एकरी साधारण ३३५ झाडे बसतात. चाऱ्यासाठी २ × १ मीटर, म्हणजे एकरी दोन हजारांच्या आसपास. खड्ड्यात दोन-तीन किलो पूर्ण कुजलेले शेणखत मुरमात मिसळून घाला. कच्चे खत घातले की सड आलीच. फड्याचा खालचा एक तृतीयांश भाग मातीत, बाकी वर. रुंद बाजू पूर्व-पश्चिमेला करा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन दोन्ही अंगांना मिळते आणि दुपारचे ऊन कडेवर जाते. लावल्यावर आठ-दहा दिवस पाणी देऊ नका. त्यानंतर झाडाला दोन-तीन लिटर, पंधरा दिवसांनी. थंडीत महिन्यातून एकदा पुरते. झाडाजवळ डवरा किंवा वखर चालवू नका, वरची मुळे तुटतात. तण हाताने काढा.

काटे नसल्याचा तोटाही आहे. शेळ्या, मोकाट जनावरे आणि रोही (नीलगाई) पहिल्या दोन वर्षांत झाड बुडापासून खाऊन टाकतात. कुंपणाशिवाय बिनकाट्याची लागवड करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर एक चिरडून पाहा. लालभडक रस निघाला तर तो कोचिनीलचा किडा आहे. यातली एक जात १९२६ मध्ये रानटी निवडुंगाचा फैलाव रोखण्यासाठी मुद्दाम भारतात आणली होती, आज ती लावलेल्या निवडुंगालाही सोडत नाही. सुरुवातीला कडक ब्रशने घासून साबणाच्या पाण्याचा जोरदार फवारा मारा, जास्त लागलेले फडे कापून जाळा. संत्र्यावरच्या पिठ्या ढेकणासाठी सोडतात तो क्रिप्टोलेमस भुंगेराही हे किडे खातो. तो सोडला असेल तर कीटकनाशक टाळा.

फळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धरते. पहिल्या वर्षीची फुले खुडून टाका. पुढे एका फड्यावर सहा ते आठच फळे ठेवा आणि विरळणी फळ धरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत उरका, नंतर केली तर फळ मोठे होत नाही. इटलीतल्या सिसिली बेटावर पहिला बहार झाडून उशिराचा बहार घेतात. आपल्याकडे तो नको, फळे ऐन पावसात सापडून फुटतील.

पिकलेल्या फळाचा रंग बदलतो, वरचा खळगा सपाट होतो आणि कुसळे (बिनकाट्याच्या जातीच्या फळावरही असतात ते केसासारखे बारीक काटे) सहज गळतात. काढणी पहाटे दव असताना करा, वारा पाठीवर घ्या, कातडी हातमोजे घाला. दुपारी कोरडी कुसळे उडतात आणि डोळ्यात जातात. फळ पिळून ओढू नका, फड्याचा छोटा तुकडा देठाशी राहील असे कापा, नाहीतर देठाकडून सडते. कुसळे ओल्या गोणपाटावर घासून काढा. हातात शिरली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा.

रस काढताना बिया दळू नका, गर चाळणीवर घासून गाळा. या रसात आंबटपणा फार कमी असतो, म्हणून तो लवकर आंबतो. लिटरला दोन-तीन लिंबांचा रस घाला, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. फार उकळला की जांभळा रंग मळकट होतो. बाटलीत भरून विकायचे असेल तर सामू (pH) ४ च्या खाली आहे याची मोजून खात्री करा. बिया टणक असतात. एका वेळी दोन-तीन फळे पुरेत, जास्त खाल्ली तर पोट बांधते.

जनावरांना फडे चिरून आणि कुटारात (वाळलेल्या भुशात) मिसळूनच घाला. त्यांत दहा भागांत नऊ भागांच्या आसपास पाणी असते आणि प्रथिने कमी, म्हणून एकटेच घातले तर पातळ शेण होते. शेळीला अर्ध्या किलोपासून, गाईला दोन किलोपासून सुरुवात करून आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. ढेप बंद करू नका.