रेडिओ लहरींनी प्लाझ्मा तापवताना: पॉवर वाढवण्याआधी या चुका टाळा

रेडिओ लहरी तयार करणाऱ्या सोर्सच्या मीटरवर 1 मेगावॅट दिसतोय, पण टोकामाकमधल्या (चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडणाऱ्या कडीसारख्या यंत्रातल्या) प्लाझ्माचं, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचं, तापमान जागचं हलत नाही. अशा वेळी हात आपोआप पॉवर वाढवायला जातो आणि सगळ्यात महागात पडणारी चूक तीच. दोष बहुतेक वेळा सोर्स आणि प्लाझ्मा यांच्या मधल्या वाटेवर असतो. ही वाट आधी तपासा. गांधीनगरच्या आदित्य-यू किंवा एसएसटी-1 या टोकामाकसारख्या यंत्रांना लागतात तशा कोअ‍ॅक्सियल लाइन (एकात एक बसलेल्या दोन कंडक्टरच्या), कपलर (लाइनमधली पुढची आणि परतीची पॉवर मोजणारे) आणि डमी लोड (चाचणीत अँटेनाऐवजी पॉवर शोषणारे) नवी मुंबई-ठाण्यातल्या रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटच्या शेडमध्ये जोडणाऱ्यांनी तर पहिल्या फ्लँजपासूनच ही काळजी घ्यावी.

प्लाझ्मा नसताना केलेलं मॅचिंग खरं मानणं

मॅचिंग म्हणजे पॉवर परत न फिरता अँटेनात जावी अशी लाइनची जुळणी. आयन सायक्लोट्रॉन तापनात (दोन अंकी मेगाहर्ट्झच्या लहरींनी आयन तापवणं) प्लाझ्मा नसताना अँटेनाचा लोड ओहमच्या लहानशा अंशाइतका असतो, प्लाझ्मा आला की तो काही ओहमवर जातो. त्यामुळे रिकाम्या व्हेसलवर शून्य परावर्तन मिळालं तरी खऱ्या शॉटला त्याचा उपयोग नाही. 50 ओहमची लाइन आणि 4 ओहमचा लोड धरा. प्लाझ्माला 1 मेगावॅट द्यायचा तर मॅचिंगच्या पुढच्या, अँटेनाकडच्या लाइनवर कमाल व्होल्टेज सुमारे 35 किलोव्होल्ट होतं. प्लाझ्मा थोडा मागे सरकून लोड 2 ओहमवर आला की तेच 50 किलोव्होल्ट. सोर्सचा मीटर जैसे थे आणि मधल्या इन्सुलेटरवर आर्क (ठिणगी)! म्हणून स्टबची (मॅचिंगसाठी लाइनला जोडलेल्या फाट्याची) सुरुवातीची जागा आधीच्या प्लाझ्मा शॉटच्या नोंदींवरून ठरवा. लोड कमी होताना दिसला तर पॉवर वाढवू नका. प्लाझ्मा आणि अँटेना यांच्यातलं अंतर आणि कडेची घनता बघा. ही लहर कडेच्या विरळ भागात पुढे सरकत नाही, तिथेच विझत जाते. त्यामुळे एकेक सेंटिमीटर महत्त्वाचा.

काळा पडलेला जोड पॉलिश पेपरने घासणं

ही चूक सर्रास होते. आतल्या कंडक्टरच्या जोडात चांदीचा मुलामा दिलेले बेरिलियम-कॉपरचे स्प्रिंग फिंगर असतात. खाडीच्या आणि रासायनिक कारखान्यांच्या हवेत चांदी लवकर काळवंडते. मग कोणीतरी शून्य नंबरचा पॉलिश पेपर घेऊन जोड चकचकीत करतं. पण 45.6 मेगाहर्ट्झला तांब्यात करंट जेमतेम 10 मायक्रॉन खोल जातो. म्हणजे सगळा करंट त्या वरच्या थरातूनच वाहतो आणि पेपर नेमका तोच थर ओरबाडतो. चरे पडतात, फिंगर मोजक्याच ठिकाणी टेकतात, तिथे तापून मऊ पडतात आणि दाब आणखी घटतो. त्याऐवजी न विणलेलं, धागे न सोडणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. चमक गेली तरी चालेल, दाब गेला तर चालणार नाही. प्रत्येक फिंगर बोटाने हलकेच दाबून सोडा. जो परत उसळत नाही तो बदला. एकच बदलता येत नसेल तर पूर्ण रिंग बदला. फ्लँजचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, टॉर्क रेंचने दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एका बाजूने आवळत गेलात तर आतला कंडक्टर तिरका बसतो.

पावसाळ्यात बंद केलेली लाइन

जुलैत इथे 30 अंश सेल्सिअस आणि 85 टक्के आर्द्रता हे नेहमीचंच. याचा दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊन साचू लागते ते तापमान, सुमारे 27 अंश. चिलरचं पाणी 20 अंशांवर ठेवलंत तर कंडक्टर, डमी लोड, गायरोट्रॉनची (मायक्रोवेव्ह तयार करणाऱ्या ट्यूबची) पाइपलाइन, सगळ्यांना घाम फुटणारच. उपकरणाच्या मर्यादेत बसत असेल तर पाण्याचं तापमान दवबिंदूच्या 2-3 अंश वर ठेवा, नाहीतर हॉलमध्ये डिह्युमिडिफायर लावा. भाग पाठवताना उघड्या हवेतच झाकण लावू नका. आत कोरडा नायट्रोजन सोडा आणि बाहेर येणाऱ्या वायूचा दवबिंदू उणे 40 अंशांपर्यंत उतरला की मगच सील करा. सिलिका जेलची एक पुडी टाकून भागत नाही.

चुंबकीय क्षेत्राचा हिशोब विसरणं

इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन तापनात (इलेक्ट्रॉन ज्या वारंवारतेने चुंबकीय क्षेत्राभोवती फिरतात तिच्याशी जुळणाऱ्या लहरीने तापवणं) दर टेस्लाला 28 गिगाहर्ट्झ लागतात. 42 गिगाहर्ट्झचा गायरोट्रॉन 1.5 टेस्लाला पहिल्या हार्मोनिकवर, म्हणजे नेमक्या त्याच वारंवारतेवर, बसतो. टोकामाकमध्ये क्षेत्र त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात घटतं. 1.1 मीटर मोठ्या त्रिज्येवर (यंत्राच्या मधल्या अक्षापासून प्लाझ्माच्या मध्यापर्यंत) 1.5 ऐवजी 1.45 टेस्ला मिळालं तर तापण्याची जागा 3.7 सेंटिमीटर आत सरकते. प्लाझ्माची लहान त्रिज्या (मध्यापासून कडेपर्यंत) 20 सेंटिमीटर असेल तर हे थोडं नाही. घनतेचीही मर्यादा आहे: 42 गिगाहर्ट्झची साधी, म्हणजे ओ-मोड (विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्राला समांतर), लहर घनमीटरला सुमारे 2.2×10¹⁹ इलेक्ट्रॉनच्या पुढे शिरत नाही, परत फिरते. दुसऱ्या हार्मोनिकच्या एक्स-मोडला (वारंवारता फिरण्याच्या दुप्पट, विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्राला लंब) तर ही मर्यादा निम्मीच. तापमान वाढत नसेल तर आधी हे दोन आकडे तपासा.

परावर्तित पॉवरवर आंधळा भरवसा

20 डीबी डायरेक्टिव्हिटीचा (पुढच्या पॉवरचा शंभरावा भाग परतीच्या मापात मिसळू देणारा) कपलर 1 मेगावॅट पुढे जाताना 10 किलोवॅट खोटं परावर्तन दाखवू शकतो. कपलर बसवण्याआधी मॅच केलेल्या लोडवर तपासा. दुसरी गोष्ट अधिक धोक्याची: लाइनवर व्होल्टेज जिथे कमी असतं तिथे आर्क झाला तर परावर्तित पॉवर फारशी हलतच नाही आणि इंटरलॉक (धोका दिसताच पॉवर तोडणारं सर्किट) गप्प राहतो. अशा जागांसाठी ऑप्टिकल डिटेक्टर हवाच. निर्वातातल्या भागात कमी पॉवरलाच दाब चढू लागला तर मल्टिपॅक्टरचा (पृष्ठभागांवर आदळून इलेक्ट्रॉनची संख्या वाढत जाण्याचा) संशय घ्या. त्या पट्ट्यात पॉवर हळूहळू चढवत रेंगाळू नका. छोट्या पल्सनी झटकन पार करा आणि दाब खाली येईपर्यंत पल्स देत राहा.

इंटरलॉकची चाचणी कागदावर उरकू नका. सोर्समधल्या ट्यूबमध्ये बिघाड झाला तर हाय व्होल्टेज सप्लायने तिच्यात 10 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा ओतता कामा नये. हे तपासायला ट्यूबच्या जागी तेवढ्याच ऊर्जेला वितळेल अशी मोजून घेतलेली बारीक तार लावून शॉर्ट करतात. तार शाबूत राहिली तरच ट्यूब जोडा. आणि तार लावण्याआधी कपॅसिटर बँक अर्थिंग रॉडने डिस्चार्ज करून रॉड तिथेच अडकवून ठेवा.