वायकिंग फँटसीचा शेवटचा खंड लिहिताना

आधीचे सगळे खंड पुन्हा वाचायला घ्या आणि शेजारी वही ठेवा. कोणी कोणाला शब्द दिला, कोणी कोणाचा भाऊ मारला, कुठली भविष्यवाणी अर्धी राहिली, हे प्रकरणाच्या आकड्यासह उतरवा. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, जगात वैर ही उधारीच असते. खून झाला की मेलेल्याच्या कुळाला चांदी मोजायची, नाहीतर रक्ताने फेडायचं. म्हणून शेवटच्या खंडाचा आराखडा या वहीतूनच निघतो.

आता नोंदी वेगळ्या करा. सबंध प्रसंग देऊन फेडायच्या नोंदी पाच-सहाच ठेवा. बाकीच्या एखाद्या परिच्छेदात उरका. एखाददुसरी मुद्दाम बुडीत खाती टाका, पण पात्राने सूड जाणूनबुजून सोडला हे दिसलं पाहिजे, नाहीतर वाचकाला वाटतं लेखकच विसरला. वहीत नसलेली तलवार किंवा नवा देव आणू नका. अडलंच, तर आधीच्या खंडांतली कोणाच्या लक्षात न राहिलेली एखादी वस्तू शोधा.

सगळ्या टोळ्या एकाच सकाळी रणांगणावर हजर होणं ही नेहमीची चूक. प्रत्येक टोळीचं दिवसवार वेळापत्रक बनवा. अंदाजासाठी एक आकडा: 1893 मध्ये गोकस्टाड या नॉर्वेत सापडलेल्या वायकिंग जहाजाच्या प्रतिकृतीने बर्गनहून न्यूफाउंडलंड 28 दिवसांत गाठलं होतं. वारा पडला की वल्ही मारावी लागतात, आणि रात्रभर वल्ही मारलेली माणसं सकाळी ताजीतवानी लढत नाहीत. कोणीतरी उशिरा पोचू द्या. त्या उशिराची किंमत कोणाला मोजावी लागली, तेच दाखवायचं.

ढालींची भिंत लिहिताना मापं डोळ्यांसमोर हवीत. गोकस्टाडच्या ढाली साधारण 94 सेंटिमीटर व्यासाच्या, पातळ पाइन फळ्यांच्या. अशा ढाली एकमेकींवर चढवल्या की शेजाऱ्याचा खांदा आपल्या खांद्याला लागतो. तिथे लांब तलवार गरगरा फिरवायला जागाच नसते. ढालीवरून भाला जातो, खालून सॅक्स हा आखूड, एकधारी सुरा घुसतो आणि दाढीवाल्या (पात्याचं खालचं टोक लांब असलेल्या) कुऱ्हाडीने समोरच्याची ढाल खाली ओढली जाते. भिंतीत उभ्या असलेल्या पात्राला सबंध रणांगण दिसत नाही. त्याला समोरची ढाल, तिच्यावरचे डोळे आणि पायाखालचा चिखल एवढंच दिसतं. सेनापतीला दिसणारं चित्र हवं असेल तर टेकडीवरच्या पात्राचं वेगळं प्रकरण करा, एकाच परिच्छेदात दोन्ही नकोत. (शिंगांचं शिरस्त्राण घालायचा मोह होईल. ते एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराच्या रंगभूमीमुळे लोकप्रिय झालं, वायकिंग योद्ध्यांचं नव्हे.)

शेवटचं द्वंद्व मात्र भिंतीबाहेर, होल्मगांगच्या, म्हणजे ठरवून लढायच्या नॉर्स द्वंद्वाच्या, नियमांनी लढवा. कोर्माकच्या सागामध्ये (सागा म्हणजे जुन्या आइसलँडी गद्यकथा) पाच हात लांब-रुंद कापड जमिनीवर ताणतात आणि प्रत्येकाला तीन ढाली मिळतात. त्या फुटल्या की हातातल्या शस्त्रानेच वार अडवायचा. प्रसंगाची चढण इथे आयती मिळते: पहिली ढाल फुटते तेव्हा दोघं बोलत असतात, दुसरीला बोलणं थांबतं, तिसरी गेली की वाचकही गप्प होतो.

मरण छोटं लिहा. सागांमध्ये पात्राचं काम संपलं की ‘तो आता या कथेतून बाहेर आहे’ अशा अर्थाचं एक वाक्य येतं आणि गोष्ट पुढे जाते. लांबलचक अखेरचं भाषण फार तर एकाला द्या. देव मारायचा असेल तर त्याची किंमत देवाच्या आकाराची हवी. रॅग्नारॉकमध्ये, म्हणजे जगाच्या अंताच्या लढाईत, थोर हा गडगडाटाचा देव महासर्पाला मारतो आणि नऊ पावलं चालून स्वतः कोसळतो. ती नऊ पावलं वगळली असती तर उरला असता नुसता पराक्रम.

लढाईनंतर दोन-तीन प्रकरणं ठेवा. एकच प्रकरण घाईचं वाटतं, आठ झाली की वाचक पानं उलटू लागतो. त्यांत नवा राजा कोण झाला याच्यापेक्षा हाताला लागणारी एखादी वस्तू जास्त काम करते. ‘वोलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यात जग बुडून पुन्हा हिरवं वर येतं, तेव्हा वाचलेल्या देवांना गवतात जुन्या पटखेळाच्या सोन्याच्या सोंगट्या सापडतात. तुमच्या पहिल्या खंडातली अशी सोंगटी कुठली, ते वहीत शोधा.