मुंबईहून पहिल्या क्रूझ सहलीला निघताना

मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून गोव्याकडे किंवा कोचीकडे क्रूझने प्रथमच निघणाऱ्यांनी केबिन विचारपूर्वक निवडावी. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. म्हणून ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांनी बाल्कनीच्या मोहापेक्षा या जागेला प्राधान्य द्यावे, मळमळ थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी आणि तरीही अस्वस्थ वाटल्यास डेकवर जाऊन क्षितिजाकडे नजर स्थिर ठेवावी.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा ताब्यात घेतल्या जातात आणि त्या केबिनमध्ये बऱ्याचदा काही तासांनी पोहोचतात. त्यामुळे मूळ ओळखपत्र आणि रोजची औषधे हातातल्या पिशवीतच असावीत. घरातील ज्येष्ठांच्या मधुमेहाच्या गोळ्यांबाबत तर मी याचा आग्रहच धरेन. इस्त्री नेऊ नये. समुद्रात मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवावा, अन्यथा जहाजावरील उपग्रह-नेटवर्कचे मोठे बिल येऊ शकते.

सुरक्षा-सराव मात्र मुळीच चुकवू नये. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून कलंडले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. आणीबाणीच्या वेळी आपण जमायचे ठिकाण केबिनपासून जिन्याने चालत जाऊन, मुलांना सोबत घेऊन, पहिल्याच संध्याकाळी पाहून ठेवावे.